तबली एकाच्याच हाती

(सोलापुरात हौशी वाद्यकारागीर, सुतारकाम शिकणारे विद्यार्थी आणि संगीतशिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

तुमच्या संयोजकांनी मला निरोप धाडला त्यात म्हटलं होतं की गिटार सगळ्यांनी मिळून करायची आहे, तेव्हा तिला प्रत्येकाचा हात लागला पाहिजे. हेतू चांगलाच आहे. गिटारचा लिलाव करून मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे उभे करायचेत. तुमच्यात सुतार आहेत, पॉलिटेक्निकची पोरं आहेत, पूर्व भागातले विणकर आहेत, गाणं शिकवणारे आहेत. पण 'प्रत्येकाचा हात' हा नियम गिटारच्या प्रत्येक भागाला लावलात, तर शेवटी हातात येईल ती गिटारच्या आकाराची पेटी. लोक कौतुक करतील, फोटो काढतील, आणि वाजवायला कोणी घेणार नाही. म्हणून आज मी मुख्यतः एवढंच बोलणार आहे की यातलं कुठलं काम वाटून घ्यायचं आणि कुठलं अजिबात वाटायचं नाही.

वाद्याचं काम वाटून करणं आपल्या भागाला नवीन नाही. मिरज इथून काही लांब नाही. हत्यारांना धार आणि पॉलिश करणारी शिकलगार मंडळी तिथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी हा धंदा एवढा वाढवला की २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा भोपळा बऱ्याचदा आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूरकडून जातो. तिथे भोपळा कापणारा वेगळा, दांडी घडवणारा वेगळा, नक्षी करणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा. मात्र जवारी काढायची, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून तिच्याखालचा माथा घासायची, वेळ आली की ती एकच माणूस काढतो, आणि त्याचं काम चालू असताना बाकीचे गप्प बसतात. तुमच्या गिटारलाही असा एक माणूस लागणार आहे. त्याचं काम तबलीपासून, म्हणजे गिटारच्या समोरच्या लाकडी फळीपासून, सुरू होतं.

स्पेनमध्ये आंतोनियो दे तोर्रेस नावाचा कारागीर होऊन गेला. आज ज्याला आपण क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार आणि आतली रचना बऱ्याच अंशी त्याचीच. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली. तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या, तबली मात्र नेहमीसारखी उत्तम लाकडाची. आवाज मुख्यतः तबली देते हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठ-बाजूंनी आवाजाचा रंग थोडा बदलतो, नाही असं नाही. पण तबली चुकली तर ब्राझीलवरून लाकूड आणलंत तरी ते वाद्य उठणार नाही.

तेव्हा तुमच्या योजनेच्या कागदावर पहिली ओळ ही लिहा: तबली, तिच्या आतल्या पट्ट्या आणि घोडी एकाच कारागिराकडे. घोडी म्हणजे तबलीवरचा तो ठोकळा, जिथे तारा अडकवतात. तो कोण, हे मतदानाने ठरवू नका. ज्याने आधी दोन-चार गिटारी केल्यात, तो.

हे काम वाटता का येत नाही, ते सांगतो. स्टीलच्या तारांची गिटार सुरात लावली की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ७५ किलो होतो. हा ताण घोडीला खेचत असतो, आणि घोडी चिकटवलेली असते जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाडीच्या, स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाच्या फळीवर. ती फळी वाकू नये म्हणून आतून पट्ट्या लावतात. अमेरिकेतल्या मार्टिन गिटार कारखान्यात १८४० च्या दशकात या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवायला लागले; आज बहुतेक स्टील तारांच्या गिटारींत तीच फुली असते. पट्ट्या जाड ठेवल्या की गिटार शंभर वर्षं टिकते आणि आवाज डब्यासारखा येतो. तासून फार बारीक केल्या की आवाज छान मोकळा, पण दोन वर्षांत घोडीमागे फुगवटा. या दोन्हींच्या मधली जागा फूटपट्टीने सापडत नाही, कारण स्प्रूसच्या दोन फळ्या कधीच सारख्या नसतात. कारागीर फळी एका कडेला दोन बोटांत अलगद धरतो, कानाशी नेतो, अंगठ्याच्या पेराने मध्ये टकटक करतो. मग पट्टीच्या टोकावरून पटाशीने एक पापुद्रा काढतो, परत टकटक. सुरुवातीला आवाज बद्द असतो, तो हळूहळू लांबायला लागतो, फळी हातात थरथरते ते कळतं. कुठे थांबायचं हे ज्याने पहिला पापुद्रा काढला त्यालाच कळतं. सकाळी एकाने काढला आणि दुपारी दुसऱ्याने, तर आधी काय ऐकलं होतं हे कोण सांगणार?

आता वाटायच्या कामांकडे येऊ, ती पुष्कळ आहेत. त्यातही बाजू वाकवणं हे सगळ्यांनी मिळून करायचं काम. खरं तर मला या कामासाठी तुमचा हेवा वाटतो, कारण एकट्याने करताना फार धांदल होते. शिसवाची पट्टी दोन मिलिमीटरपर्यंत रंधून घ्यायची. लोखंडी पाइप आतून तापवायचा, पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडून गेला पाहिजे. पट्टी ओल्या फडक्याने पुसायची आणि पाइपवर हलकेच दाबत पुढे-मागे सरकवायची. जबरदस्ती केली की कडकन आवाज येतो आणि पट्टी गेली. थोडा धीर धरला की एका क्षणी लाकूड हाताखाली मऊ पडतं, ते अगदी स्पष्ट जाणवतं, आणि खोलीभर गोडसर वास सुटतो. सगळ्यात अवघड गिटारची कंबर, तिथे वळण उलटं आणि आखूड असतं. एकाने वाकवायचं, दुसऱ्याने साच्यावर लावून बघायचं, तिसऱ्याने पाणी आणि शिकंजे सांभाळायचे. पॉलिटेक्निकच्या मुलांनी आधी टाकाऊ पट्ट्यांवर हात बसवावा. शिसवाची जोडी महाग असते, आणि दोन्ही बाजू एकाच फळीतून निघाल्या असतील तर एक मोडली की दुसरीही वाया जाते.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला: शिसवच का? आपल्याकडे जुन्या वाड्यांचं सागवान आहे.)

चालेल की. पाठ-बाजूंना जुनं, मुरलेलं सागवान मी आनंदाने वापरेन. फक्त आत खिळा राहिला नाही ना हे लोहचुंबक फिरवून बघा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. साग काय, शिसव काय, दोन्ही तेलकट. चिकटवण्याच्या आधी तोच पृष्ठभाग ताजा रंधून घ्या, नाहीतर सांधा सुटतो. बाकी शिसवाला जगात मान आहे तो ब्राझीलचं शिसव मिळेनासं झाल्यामुळे. मार्टिनने १९६९ मध्ये आपल्याकडचं शिसव वापरायला सुरुवात केली, आणि १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवावर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींवर परवान्याचं बंधन होतं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, ब्राझीलचं शिसव मात्र सोडून. तरी वखारीची पावती जपून ठेवा. तुमची गिटार परदेशातल्या एखाद्या सोलापूरकराने घेतली, तर ती कामाला येईल.

दांडी आणि पडदे हे काम दोघांत वाटता येतं, पण दोघांनी मोजायची एकच पट्टी वापरायची, हे पक्कं. गिटारचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, सतारीसारखे सरकत नाहीत, एकदा ठोकले की ठोकले. समजा घोडीपासून वरच्या मेरूपर्यंतची, म्हणजे डोक्याकडे तारा जिथे टेकतात तिथपर्यंतची, लांबी ६५० मिलिमीटर धरली. तिला १७.८१७ ने भागलं की पहिल्या पडद्याचं अंतर येतं, ३६.४८. उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागायचं, दुसरं अंतर ३४.४३. असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ वर, आला पाहिजे. तिथे नाही आला तर गणित तपासा, करवतीला हात लावू नका. आणि प्रत्येक खूण मेरूपासूनच मोजा. आधीच्या पडद्यापासून मोजत गेलात तर अर्ध्या मिलिमीटरची चूक वाढत वाढत वरच्या सप्तकात बेसूर होऊन बसते. दांडी खोक्याला जोडायच्या आधी लांब सरळ पट्टी दांडीवर ठेवून बघायची. तिचं टोक घोडीच्या माथ्याला जेमतेम घासून गेलं पाहिजे. हा कोन मात्र तबलीवाल्या कारागिराने स्वतः पास करायचा.

आता नक्षी. इथे मी थोडा कडक होणार आहे. संयोजकांनी पाठवलेल्या चित्रांत मी तबलीवर सिद्धेश्वराचं मंदिर पाहिलं, चादरीचा मोर पाहिला, एकाने तर भुईकोट किल्ला काढलाय. कला उत्तम आहे, पण तबलीवर रंगाचा जाड थर चढला की तिचं वजन वाढतं आणि आवाज दबतो. तबलीला लाखेच्या पातळ पॉलिशपलीकडे काही नको. मग सोलापूर दिसायचं कुठे? तारांच्या खुंट्या असतात त्या डोक्यावर. पूर्व भागात किती घरांत हातमागाचे जुने धोटे पडून आहेत! धोट्याचं लाकूड टणक आणि घट्ट असतं. त्याची पातळ चकती कापून डोक्यावर आणि दांडीच्या टाचेवर बसवा. आवाजाला धक्का नाही, आणि त्या धोट्याने किती चादरी विणल्या हे त्या घरातली आजी लिलावात उभी राहून सांगेल. विणकरांनी गळ्यात अडकवायचा पट्टा विणावा आणि गिटार ठेवायच्या पेटीला आतून चादरीचं अस्तर लावावं. तो मोर तिथे झकास दिसेल. आणि सह्या? पाठ चिकटवण्याआधी आतल्या बाजूला, जिच्या हाताने नुसता पॉलिश पेपर फिरवला तिनेही, पेन्सिलने सही करायची. ध्वनिछिद्रातून बघितलं की दिसतील.

वेळापत्रकाचं बोलतो. सोलापूरची हवा ही तुमची सगळ्यात मोठी अडचण. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड चिकटवलं आणि एप्रिलची कोरडी झळ लागली, की तबलीला उभी चीर जाते. भर उन्हाळ्यात कडकडीत वाळलेलं चिकटवलं तर पुढच्या पावसात तबली फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. म्हणून चिकटवण्याचं सगळं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, लहान बंद खोलीत, आर्द्रता मोजायचं मीटर भिंतीवर टांगून. काटा ४० ते ५० टक्क्यांत असेल तरच गोंदाची बाटली उघडायची. पट्ट्या आणि घोडी यांना सरस, म्हणजे हाडा-कातड्याचा जुना गोंद, वापरा, किंवा वाद्यांसाठी मिळणारा पिवळा गोंद. फर्निचरचा पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. संक्रांतीचा आठवडा वेळापत्रकातून काढूनच टाका. सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघाले की तुमच्यातलं कोण वर्कशॉपला येणार आहे? मी तरी नाही.

तारा लिलावाच्या निदान एक महिना आधी चढल्या पाहिजेत. ताण आला की तबली थोडी उचलते, दांडी थोडी वाकते, मग कुठे ती स्थिरावते. त्यानंतरच तारांची उंची शेवटची लावायची. विकत घेणारा बहुधा डॉक्टर किंवा कारखानदार असणार, आणि वाजवणार त्याची शाळेतली मुलगी. तारा उंच राहिल्या तर तिची बोटं चार दिवसांत सोलवटतील आणि गिटार कपाटावर जाईल. म्हणून आकार मध्यम ठेवा, मोठं खोकं नको, आणि तारा हलक्या.

लिलावाबद्दल दोनच गोष्टी. मार्केट यार्डात कांदा गोणीतून ओतून दाखवल्याशिवाय कोणी बोली लावत नाही, तशी ही गिटार वाजवून दाखवल्याशिवाय पहिली बोली घेऊ नका. तुमच्यातल्या शिक्षकांनी दहा मिनिटं वाजवावी, मग ज्याला हवी त्याने हातात घ्यावी. किमान किंमत आधी बंद पाकिटात ठरवा. ती साहित्याच्या पावत्यांच्या बेरजेपेक्षा बरीच वर हवी, नाहीतर त्यापेक्षा तुम्ही सगळ्यांनी वर्गणी काढलेली बरी.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मार्चमध्ये लिलाव ठेवलात तर लोक करसवलतीचं विचारणारच. वस्तू घेऊन दिलेले पैसे म्हणजे निव्वळ देणगी नव्हे, तेव्हा 'पूर्ण रकमेवर सवलत' असं पत्रिकेत छापू नका. पावती काय आणि कशी द्यायची हे ट्रस्टच्या सीएंना आधीच विचारा. देणगी म्हणून कोणी वेगळे पैसे दिले तर ते चेकने किंवा ऑनलाइन घ्या. रोख २००० रुपयांच्या वरच्या देणगीला ती सवलत मिळत नाही. हिशेब महिन्याभरात फलकावर लावा, लाकडाच्या आणि तारांच्या पावत्यांसकट.

आणि हो, घेणाऱ्याच्या हातात पेटी देताना एक कागद द्या. गिटार कूलरसमोर ठेवायची नाही, एसीच्या झोतात ठेवायची नाही, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. वाजवून झाली की पेटीत. एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्यावर ती परत वर्कशॉपला आणा, तारांची उंची फुकट लावून देऊ, असं त्यावर लिहा. खाली कारागिराचा फोन नंबर. कारण तबली हलणार, ती हलतेच, आणि ती पुन्हा जागेवर आणायची तर ज्याने तासली त्याच्याकडेच यावं लागेल.

विचारा आता काय विचारायचं ते. तुम्ही मघापासून हात वर करून बसलाय, बोला.