बर्फातली पेरणी

(दृश्य : जानेवारी. मागच्या अंगणात बर्फ आणि त्यात रांगेनं दुधाचे रिकामे प्लास्टिकचे गॅलन.)

न्यू जर्सीतलं एडिसन. बघणाऱ्याला वाटेल, आज कचऱ्याची गाडी आलीच नाही. पण इथं काकूंची पेरणी चालू आहे.

मुठीपाशी दोन बोटं सोडून गॅलन मधोमध कापायचा, म्हणजे वरचा भाग झाकणासारखा उघडतो. तळाला भोकं पाडायची. चार बोटं ओली माती. मग बी. काकूंच्या तळहातावर बघा, तपकिरीची चिमूट वाटते. हे कार्डिनल फ्लॉवर नावाच्या लाल फुलाचं बी. त्याच्यावर माती ओढायची नाही, त्याला उजेड लागतो. नुसतं बोटानं दाबायचं, चिकटपट्टी लावायची, बूच काढून टाकायचं आणि गॅलन बर्फात. पाऊस, बर्फ काय पडेल ते आत पडू द्यायचं. गारठा आणि ओल पुरेशी मिळाली की एप्रिलमध्ये बी जागं होतं. पहिल्या वर्षी काकूंनी हीटरजवळच्या ट्रेमध्ये पेरलं होतं. काही म्हणजे काही उगवलं नाही.

उगवलं तरी त्या वर्षी फक्त पानांचा गड्डा. फूल पुढच्या उन्हाळ्यात.

(दृश्य : एप्रिलअखेर. ओल्या कुंपणावर एक नर. मान वळते, गळा काळ्याचा लालभडक होतो.)

एवढा खटाटोप याच्यासाठी. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. वजन जेमतेम तीन ग्रॅम. अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारी हमिंगबर्डची ही एकच जात. आपल्याकडे जास्वंदीवर लटकणारा शिंजीर दिसायला याच्या जवळचा, पण नातं काही नाही. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, सगळ्या अमेरिका खंडांतल्या. शिंजीर सहसा फांदी धरून मध पितो. हा हवेतच उभा राहतो, सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवत.

तो दक्षिणेतून येतो तेव्हा अंगणात काय फुललेलं असतं? नर्सरीतून आणलेल्या टोपल्यांमधली दुहेरी पाकळ्यांची पिटुनिया बघायला झकास, पण तिच्या पाकळ्यांच्या गर्दीत चोच शिरत नाही. काकूंच्या कुंपणालगत मात्र इथल्या मातीतली कोलंबाइन झुकलेली असते. लाल फूल, पिवळं पोट, आणि मागे पाच नळ्या. मध नळीच्या वरच्या टोकाला. पक्षी फुलाखाली उभा राहून चोच वर घालतो.

मग कोरल हनीसकलचा वेल. जुलैत ‘बी बाम’ हे फुलझाड, पुदिन्याच्या घरातलं, म्हणून हरणं त्याच्या फारशी वाटेला जात नाहीत. एक ओसरलं की दुसरं. साखरपाण्याची बाटलीही आहे एक, तुळईला टांगलेली. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंग अजिबात नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी धुवायची. चला पुढे.

(दृश्य : ऑगस्ट. कार्डिनल फ्लॉवर, अगदी जवळून.)

पन्हळीचं पाणी जिथं पडतं, तिथं हे झाड खूश असतं. कमरेपर्यंत वाढलंय. फुलाचा लाल रंग मधमाशीला नीट दिसत नाही, वासही नाही आणि बसायला धड जागा नाही. आलेलं गिऱ्हाईक अधांतरी उभं राहणारंच हवं. वर ती नळी दिसते? तिचं टोक खाली वाकलेलं आहे. पक्ष्यानं चोच खुपसली की ते टोक बरोबर कपाळावर टेकतं. गंध लावल्यासारखे परागकण. दोन-चार दिवसांनी त्याच टोकातून स्त्रीकेसर बाहेर येतो आणि दुसऱ्या फुलावरून आलेलं गंध पुसून घेतो. आता हळू गतीत बघा. जीभ टोकाला दुभंगलेली आहे. मधात ती उलगडते, बाहेर येताना मिटते आणि थेंब आत अडकतो.

(दृश्य : घरटं. इथं निवेदन नाही, वीस सेकंद.)

कोळ्याचं जाळं, झाडांचा मऊ कापूस आणि दगडफूल, एवढंच सामान. पिल्लांना मधापेक्षा किडे जास्त लागतात, म्हणून अंगणात फवारणी बंद. मांजरं आणि खिडक्यांच्या काचा यांचा धोका आहेच. रस्त्याकडचा फुलझाडांचा पट्टा शेजारच्यांच्या तक्रारीनंतर काढावा लागला.

(दृश्य : सप्टेंबर. पन्हळीमागचा ओला कोपरा, नारिंगी फुलं.)

हे कुणी लावलेलं नाही. ज्वेलवीड. काकूंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, ‘अगं बाई, तेरडा!’ आणि तो तेरड्याचा सख्खा भाऊच. गौरी-गणपतीच्या दिवसांतच भरात येतो. काकूंच्या माहेरी तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण हा पहिल्या हिमापर्यंत टिकतो. फुलाच्या शेपटीला आकडा आहे, मध त्या आकड्यात. दक्षिणेला निघालेले पक्षी इथं थांबून अंगावर चरबी चढवतात. त्यातले बरेच पुढे मेक्सिकोचं आखात ओलांडतात, न थांबता सुमारे आठशे किलोमीटर.

शेवटचा पक्षी एकवीस तारखेला दिसला. मादी.

काकू कार्डिनलची वाळलेली बोंडं पाकिटात झटकतात, वर मार्करनं साल लिहितात. जाता जाता तेरड्याच्या टपोऱ्या शेंगेला बोट लावतात.

(शेंग फुटते. बी कॅमेऱ्याच्या काचेवर. काकूंचं हसू. अंधार.)