बिबडे, रील आणि सुरतचं पार्सल

(दृश्य: पहाटेचा अंधार. गच्चीवर एकच बल्ब. चुलीवर मोठं पातेलं.)

अमळनेर तालुक्यातलं एक गाव. पातेल्यात ज्वारीचा घाटा रटरटतोय. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. त्यांचं काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, कारण घाटा गरम आहे तोवरच थापता येतो. निवला की हाताला जुमानत नाही. ही ज्वारी तीन दिवस भिजत होती, रोज पाणी बदललं जात होतं. मग उपसून, वाळवून, दळून आणली. आता तिच्यात तीळ, जिरं, लसूण-मिरचीचं वाटण आणि मीठ पडलंय. ओल्या धोतरावर डावभर घाटा पडतो, पाण्यात बुडवलेला हात त्यावरून गोल फिरतो, आणि बिबडा झाला. पुढचं काम उन्हाचं.

(दृश्य: चार बायका थापताहेत. पाचवी मोबाईल धरून उभी.)

मोबाईलवाली या घरची सून. सासूबाईंनी आधीच बजावलंय, "मना फोटू काढू नको वं." म्हणून कॅमेरा फक्त हातांवर आहे.

होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खानदेशातल्या बहुतेक गच्च्या अशाच भरलेल्या असतात. बिबडे, नागलीचे पापड, उडदाचे पापड, कुरडया, शेवया. पूर्वी हे सगळं घरापुरतं आणि लेकीच्या सासरी पाठवण्यापुरतं व्हायचं. या घरानं त्याचा धंदा केला, तोही दुकानाशिवाय. गिऱ्हाईक मोबाईलवरून येतं.

यात नवल नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि गावागावात डेटा स्वस्त झाला. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं आपल्याकडे रील्स सुरू केले, आणि नाचगाण्यातली पोरंसोरं तिकडून इकडं सरकली. त्यांच्या मागोमाग पापडवाले, साडीवाले, नर्सरीवाले आले. आज जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही जा, चहाच्या टपरीवरसुद्धा इन्स्टाचा क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. तो स्कॅन करून माणसानं पुढं काय करायचं, हे मात्र टपरीवाल्यालाही ठाऊक नसतं.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. एका रीलवर भराभर वाढणारे लाइक.)

या सूनबाईंचं पहिलं गाजलेलं रील बिबड्यांचं नव्हतंच. थापताना सासूबाई तिला रागावल्या, ते बोलणं चुकून रेकॉर्ड झालं आणि तिनं गंमत म्हणून टाकलं. चेहरा कुठंच नाही, नुसता आवाज. ते तुफान चाललं. कुठल्या कुठल्या राज्यांतून हसणाऱ्या इमोजी आल्या, फॉलोअर्स धपाधप वाढले, गावात कौतुक झालं. बिबड्यांची ऑर्डर मात्र एकही वाढली नाही. हसायला आलेला माणूस हसला आणि पुढच्या रीलवर गेला. त्याला बिबडा म्हणजे काय हेच माहीत नाही, तो विकत कशाला घेईल?

यावर दिरानं उपाय काढला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, पैसे भरले की दहा हजार फॉलोअर्स एका रात्रीत मिळतात. असली पाकिटं विकणारे बक्कळ आहेत. पण ती बनावट खाती असतात, त्यांच्यामागं माणूसच नसतो. एखादं रील लोक किती वेळ बघतात, लाइक करतात का, दुसऱ्याला पाठवतात का, यावर ते पुढं आणखी कुणाला दाखवायचं हे इन्स्टाग्राम ठरवतं. यादीत मेलेली खाती भरली की ती ना बघतात, ना पाठवतात. आकडा फुगतो, रील मात्र जागच्या जागी बसतं. सासूबाईंनी दिराला एवढंच विचारलं, यातले बिबडे खाणारे कितला शेतस? विषय तिथंच संपला.

(दृश्य: तेलात फुलणारा बिबडा. फक्त त्याचा आवाज.)

चित्र बदललं ते एका साध्या रीलनं. बिबडा तळायचा कसा, एवढंच. तेल कितपत तापवायचं, कधी उलटायचा, तेलाशिवाय विस्तवावर कसा भाजायचा. बोलणं सगळं अहिराणीत. गाणं लावलं नाही, कारण व्यवसाय खात्याला गाजलेली बहुतेक गाणी वापरताच येत नाहीत. आता हे ऐका. या चुरचुर आवाजापुढं कुठलं गाणं टिकलं असतं, हा माझाही प्रश्न आहे.

हे रील आधीच्या रीलच्या पासंगालाही पुरलं नाही. पण कमेंट वेगळ्या आल्या. एकीनं लिहिलं, माझी आई अश्शाच थापायची. एकानं थेट विचारलं, "सुरतले धाडतस का?"

(दृश्य: खात्याच्या आकडेवारीचं पान. शहरांची यादी.)

प्रोफेशनल खातं केलं की आपले फॉलोअर्स कोणत्या शहरांतले, हे इन्स्टाग्राम दाखवतं. धंदा करणाऱ्यानं रोज बघावं असं एखादं पान असेल, तर ते हे. फॉलोअर्सचा एकूण आकडा आठवड्यातून एकदा पाहिला तरी चालतो. या खात्याच्या यादीत सुरत सगळ्यात वर आलं होतं, खाली पुणे, नाशिक, कल्याण.

सुरत का? भुसावळहून जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी थेट सुरतेला जाते. याच लोहमार्गानं पिढ्यानपिढ्या खानदेशी माणूस तिथल्या कापडगिरण्यांत आणि यंत्रमागांवर कामाला गेला आणि तिथलाच झाला. लिंबायत, उधना भागात आजही अहिराणी कानावर पडते. त्या घरांमध्ये बिबडे हवे असतात, पण वाळवायला गच्ची नसते आणि पहाटे उठून घाटा रटरटवायला चार हात नसतात.

अहिराणीत बोललं तर कमी लोकांना कळेल, असा सल्ला तिला बऱ्याच जणांनी दिला होता. खरं आहे, कमी लोकांनाच कळलं. ज्यांना कळलं त्यांनी ते आपल्या बहिणीला, वहिनीला, फ्लॅटमधल्या शेजारणीला पाठवलं. जाहिरातीला एक रुपया न घालता रील ज्या घरात पोचायला हवं, त्या घरात पोचलं.

(दृश्य: पत्र्याच्या डब्यातून बिबडे काढून पिशवीत रचणारे हात.)

इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक खाती इथंच अडकतात. "दर इनबॉक्समध्ये विचारा" हा प्रकार तर मला कधीच कळलेला नाही. दुकानात भाव कानात सांगतात का? सूनबाई किलोचा भाव आणि पार्सलचा खर्च रीलखालीच लिहितात. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात. प्रत्येकाला आवर्जून सांगतात, आमचा नंबर सेव्ह करा. कारण ब्रॉडकास्ट लिस्टवरचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला, निरोप नंबर सेव्ह असलेल्यांनाच जातो, आणि एका यादीत 256 माणसंच बसतात. इन्स्टावर कुणाला काय दाखवायचं हे कंपनी ठरवते, ही 256 जणांची यादी मात्र आपली स्वतःची. पैसे आल्याचा नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, खात्यात रक्कम दिसली की मगच पार्सल बांधायचं. खोटे स्क्रीनशॉट पाठवणारे इथंही भेटलेत. पाकिटावर अन्न परवान्याचा 14 अंकी नंबरही आहे. तो नसेल तर शहरातलं गिऱ्हाईक आता दोनदा विचारतं.

आणि तुटणं. बिबडा पातळ, वाटेत त्याचा चुरा होतो. कुरिअरनं गेलेल्या पहिल्या पार्सलांपैकी काहींत भुगाच पोचला, आणि तसा फोटो एका ताईनं कमेंटमध्ये टाकला. तो पुसून टाकावा, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. सूनबाईंनी ठेवला. त्याखाली उत्तर लिहिलं, दुसरं पार्सल धाडलं आणि ते कसं बांधलं याचंच रील केलं. कडक पत्र्याचा डबा, तळाशी वर्तमानपत्राचे गोळे, प्रत्येक थरामध्ये पुठ्ठा. आता सुरतचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातं, पुण्याचंही. हे बांधणीचं रील अजून लोक एकमेकांना पाठवतात, कारण मुलगी परगावी असलेल्या प्रत्येक आईला तेच कोडं पडलेलं असतं.

(दृश्य: ऊन चढलंय. धोतर उलटं करून त्यावर पाणी शिंपडतात, बिबडा अलगद सुटतो.)

आखाजी चार दिवसांवर आली की ऑर्डरी बंद. तशी पाटी खात्यावर लागते, तरी लोक ऐकत नाहीत. पहिल्या पावसानंतर गच्ची रिकामी, मग खात्यावर टाकायचं काय? भरिताची वांगी पार्सलनं जात नाहीत. म्हणून हिवाळ्यात कळण्याचं पीठ विकायचं ठरलंय, ज्वारी-उडदाचं, भाकरीसाठी दळून तयार. शहरात ते मिळत नाही आणि त्याचा चुराही होत नाही.

पहिलं रील थंडी पडली की येईल. कॅमेऱ्यासमोर भाकरी कुणी थापायची, यावर सासू-सुनेचं अजून एकमत व्हायचंय.