पट्टी कुणी बदलली?

(दृश्य: शाहू मार्केट यार्ड, सकाळ)

कोल्हापूरचं शाहू मार्केट यार्ड. गाडीतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरतायत, एकेक ३० किलोचा. हमालाच्या पाठीवरून काट्यावर, काट्यावरून थप्पीला. सौदा झाला की मालाची वाट वेगळी, आकड्यांची वेगळी. आपण आकड्यांच्या मागनं माडीवर जाऊ.

(दृश्य: पेढी. संगणकाच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी)

शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, इथं तयार होते. वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. सगळा हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. आणि ही चिठ्ठी जरा जवळून बघा. पासवर्ड! आम्ही तो झाकलाय, पेढीत तो सगळ्यांना पाठ आहे. दिवाणजी, दोन क्लार्क, मालकांचा भाचा, सगळे त्यानंच आत जातात. टॅलीच्या लेखी या पेढीत एकच माणूस राबतो, त्याचं नाव ‘ॲडमिन’, म्हणजे सगळे हक्क असलेलं खातं.

गेल्या हंगामात एका पट्टीतलं वजन मागाहून बदललं गेलं. शेतकऱ्यानं जुनी छापील पट्टी समोर ठेवली, मालकांनी फरक पदरचा भरला, विषय मिटला. दिवाणजींवर संशय तेवढा राहिला.

(दृश्य: पडद्यावर एडिट लॉग)

टॅलीप्राइमचा (टॅलीच्या नव्या आवृत्तीचा) एडिट लॉग, म्हणजे बदलांची आपोआप होणारी नोंद, तेव्हा चालू होता. कोणत्या तारखेला, किती वाजता, आधी काय होतं, नंतर काय झालं, सारं त्यात सापडलं. कुणी केलं, तिथं ‘ॲडमिन’.

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असा लॉग ठेवणारं, आणि तो बंद करता न येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. ही पेढी भागीदारीची, तिला तो नियम लागत नाही. पण सक्तीचा असो की हौसेचा, सगळ्यांचं लॉगिन एकच असेल तर लॉग बोट कुणाकडं दाखवणार?

(दृश्य: मुंबई, फोर्ट)

मोठ्या ठिकाणी हे होत नाही असं वाटत असेल, तर ही ब्रॅडी हाउसची इमारत. पंजाब नॅशनल बँकेच्या इथल्या शाखेतला सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झाला. परदेशी बँकांना संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य प्रणालीला जोडलेलीच नव्हती, म्हणून तिथून काय गेलं ते बँकेच्या हिशेबात आपोआप दिसत नव्हतं. पासवर्ड भलत्यांच्या हाती गेल्याचा आरोपही तपासात झाला.

(दृश्य: पुन्हा पेढी. कीबोर्डवर मालकांचे हात)

आता माडीवर काय चाललंय ते सावकाश बघू. कंपनीच्या माहितीत युजर ॲक्सेसला, म्हणजे नाव-पासवर्डानं आत जाण्याला, ‘येस’ आधीपासूनच होतं, नाव तेवढं एकच. आता प्रत्येकाला वेगळं. मग रोल, म्हणजे कुणाला काय करता येईल ते. टॅलीत ‘ओनर’ आणि ‘डेटा एन्ट्री’ तयार मिळतात, पण इथं मालक तिसरा घडवतायत, फक्त पट्टीचा. या क्लार्कनं नवी नोंद करायची, छापायची. झालेली नोंद बदलायची नाही. पेमेंटला हात लावायचा नाही. मागच्या तारखेची नोंद किती दिवसांपर्यंत चालेल, तेही इथंच ठरतं. बदल करायचा हक्क दिवाणजींना, त्यांच्या स्वतःच्या नावानं.

आणि मालक? रोजच्या कामाला त्यांनीही साधं लॉगिन घेतलंय. ॲडमिनचा पासवर्ड विसरला तर परत मिळायची सोय नाही, म्हणून तो पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये.

(दृश्य: दिवाणजी, चष्मा कपाळावर)

दिवाणजी आधी रुसले. तिजोरीची किल्ली माझ्याकडं, आणि संगणकाला माझा भरवसा नाही होय? मग पहिल्या आठवड्याचा लॉग त्यांना दाखवला. त्यांच्या नावापुढं त्यांनीच केलेले बदल, एकही जास्तीचा नाही. तो कागद त्यांनी छापून घेतला.

भाच्यानं मात्र ॲडमिन मागणं सोडलेलं नाही. सीएंच्या माणसालाही तोच हवा होता. त्याला नुसतं बघण्यापुरतं लॉगिन मिळालंय, ऑडिट उरकलं की तेही बंद. दिवाळीनंतर एक क्लार्क नोकरी सोडून गेला, त्याचं नाव त्याच संध्याकाळी निष्क्रिय केलं. मॉनिटरची चिठ्ठी मालकांनी कधीच फाडली, फक्त तिच्यावरचा पासवर्ड बदलायला आणखी एक दिवस गेला.