लिटल वॉल्टर: माइक मुठीत धरून वाजवणारा माणूस

(सुरुवातीला 'ज्यूक'चा पहिला तुकडा, मग आवाज खाली)

हे जे वाजतंय तो एक साधा माउथ ऑर्गन आहे, दहा भोकांचा, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. १९५२ साली ह्या रेकॉर्डने अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या 'रिदम अँड ब्लूज' चार्टवर, म्हणजे काळ्यांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत, आठ आठवडे पहिला नंबर धरून ठेवला होता, आणि त्यात शब्द नाहीत, गाणारं कोणी नाही, नुसती धून. हार्मोनिकाची नुसती धून त्या चार्टवर एक नंबरला गेली असं आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. वाजवणारा होता लिटल वॉल्टर, तेव्हा वय बाविशीच्या आसपास.

खरं नाव मॅरियन वॉल्टर जेकब्ज. लुइझियाना राज्यातलं मार्क्सव्हिल हे गाव, जन्म १९३० चा धरतात. बारा-तेरा वर्षांचा असताना घर सोडलं आणि न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, आर्कान्सामधलं हेलेना, सेंट लुई असं जिथे चार पैसे मिळतील तिथे वाजवत फिरला. शाळा वगैरे फार झालीच नाही. शिक्षण झालं ते दोन माणसांचं ऐकून, आणि गंमत म्हणजे दोघांचंही नाव सनी बॉय विल्यमसन. एक शिकागोचा जॉन ली विल्यमसन, ज्याच्या रेकॉर्ड्स त्या काळी सगळे हार्मोनिकावाले घासूनपुसून ऐकायचे, आणि दुसरा हेलेनाच्या रेडिओवर वाजवणारा राइस मिलर, ज्याने तेच नाव सरळ उचललं होतं. पण वॉल्टरच्या कानात ह्या दोघांबरोबर आणखी एक माणूस बसला होता, लुई जॉर्डन. तो हार्मोनिकावाला नव्हताच, सॅक्सोफोन वाजवायचा, उड्या मारणारं नाचाचं संगीत. जॉर्डनच्या सॅक्सच्या ओळी वॉल्टर माउथ ऑर्गनवर बसवत बसायचा, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथून सुरू होतं, कारण त्याच्या डोक्यात आवाज सॅक्सचा होता आणि हातात होता तो एवढासा बाजा.

(मॅक्सवेल स्ट्रीटचे जुने फोटो)

शिकागोत तो १९४५-४६ च्या सुमारास आला. तिथे मॅक्सवेल स्ट्रीट नावाचा बाजार, रविवारी तुडुंब गर्दी, दक्षिणेकडून कामासाठी आलेली हजारो काळी कुटुंबं आठवड्याची खरेदी करायला तिथे यायची आणि त्या गर्दीत ब्लूजवाले आपापला कोपरा धरून बसायचे. अँप्लिफायर लावायचा तर वीज पाहिजे, मग शेजारच्या दुकानातून किंवा घरातून वायर ओढून घ्यायची आणि त्याला थोडे पैसे द्यायचे. ह्याच रस्त्यावर बर्नार्ड एब्रम्स नावाच्या माणसाचं रेडिओचं दुकान होतं, मागच्या बाजूला रेकॉर्ड कापायचं मशीन. त्याने 'ओरा नेल' नावाचं छोटंसं लेबल काढलं आणि १९४७ मध्ये वॉल्टरची पहिली रेकॉर्ड तिथे निघाली, गिटारवर ओथम ब्राउन. ती आज ऐकली तर हुशार पोरगा आहे हे कळतं, वेग आहे, दम आहे, पण पहिल्या सनी बॉयची छाप एवढी आहे की नाव न सांगता ऐकवलं तर चुकायला होईल.

१९४८ च्या आसपास तो मडी वॉटर्स ह्या शिकागोतल्या ब्लूज गायक-गिटारवाल्याच्या बँडमध्ये आला. मडी, जिमी रॉजर्स आणि वॉल्टर, हे तिघं क्लबांमध्ये फिरून दुसऱ्यांच्या बँडची नोकरी वाजवून वाजवून हिसकावून घ्यायचे म्हणून त्यांना 'हेडहंटर्स' म्हणायचे. पण क्लबमध्ये जे वाजत होतं ते रेकॉर्डवर येत नव्हतं, कारण मडीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा मालक लेनर्ड चेस. मडीच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स एक गिटार आणि एक बेस एवढ्यावर खपल्या होत्या, त्यामुळे ह्याचं म्हणणं असं की चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. शेवटी १९५० च्या सुरुवातीला ह्या मंडळींनी 'पार्कवे' नावाच्या दुसऱ्याच कंपनीसाठी एक सेशन केलं. मडीचा करार चेसकडे, म्हणून लेबलवर नाव ड्रमवाल्या बेबी फेस लीरॉयचं टाकलं. त्यातलं 'रोलिन अँड टम्बलिन' ऐका, शब्दसुद्धा नीट नाहीत, सगळे नुसते हुंकार देतायत, आणि वॉल्टरचा हार्प (ब्लूजवाले माउथ ऑर्गनला हार्पच म्हणतात) त्यांच्यात मिसळून गेलाय. माझ्यासाठी ते शिकागोत झालेल्या सगळ्यात जंगली रेकॉर्डिंगपैकी एक. लेनर्डला अर्थातच कळलं, त्याने मडीला बोलावून तेच गाणं आपल्या कंपनीसाठी परत करायला लावलं, पुन्हा वॉल्टरशिवाय. पण त्याच वर्षी त्याचा हट्ट सुटला आणि 'लुइझियाना ब्लूज'वर वॉल्टर मडीच्या मागे ऐकू यायला लागला.

आता जरा थांबून बाजाकडे बघू, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

(हार्मोनिकाचा क्लोज-अप, मग हातात माइक)

आपल्या बाजाच्या पेटीत पितळी सूर असतात, हवा गेली की पट्टी थरथरते. माउथ ऑर्गनमध्ये तेच, फक्त भाता म्हणजे आपली छाती. पेटीवर मींड निघत नाही, सूर आहे तिथेच राहतो. माउथ ऑर्गनवर मात्र हवा आत ओढताना जीभ आणि घशाची पोकळी बदलली की सूर खाली घसरतो, आणि ब्लूजचं अर्धं रडणं त्या घसरण्यात आहे. म्हणून ब्लूजवाले मुद्दाम वेगळ्या पट्टीचा बाजा घेतात, वाजवायचं ई मध्ये पण हातात हार्प ए चा, त्यामुळे महत्त्वाचे सूर फुंकण्याऐवजी ओढण्यात येतात. ह्याला म्हणतात क्रॉस हार्प. 'ज्यूक' ह्याच पद्धतीने वाजवलंय.

हे सगळं वॉल्टरच्या आधीपासून होतं. त्याने जे केलं ते माइकचं. त्या काळी घोषणा करायला, टॅक्सीच्या रेडिओला वापरायचे तसले स्वस्त माइक मिळायचे, त्यातला एक घेऊन तो हार्पसकट दोन्ही हातांच्या मुठीत बंद करायचा आणि वायर गिटारच्या अँपमध्ये. मूठ घट्ट मिटली की माइकवर एवढा दाब येतो की आवाज फाटतो, जाड होतो, मूठ थोडी उघडली की बारीक आणि लांबचा वाटतो. म्हणजे हात, माइक, अँप आणि बाजा मिळून एकच वाद्य. माइक लावून हार्प वाजवणारा तो पहिला नव्हता, स्नूकी प्रायर सैन्यात असताना भोंग्याच्या माइकवर वाजवल्याचं सांगायचा, आणि स्नूकीच्या १९४८ च्या रेकॉर्डची सुरुवात 'ज्यूक'च्या सुरुवातीशी चांगलीच जुळते, हेही सांगितलं पाहिजे. पण बाकीचे गर्दीत ऐकू यावं म्हणून माइक लावत होते. वॉल्टरने त्या फाटण्याचाच सूर केला. रेकॉर्डवर त्याचा अँपमधून आलेला हार्प पहिल्यांदा ऐकू येतो तो जुलै १९५१ मध्ये, मडीच्या 'कंट्री बॉय'वर.

आणि मग १२ मे १९५२. शिकागोचा युनिव्हर्सल स्टुडिओ, चालवणारा बिल पटनम. ह्याच पटनमने १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स नावाच्या हार्मोनिका त्रिकुटाची रेकॉर्ड करताना स्पीकरचा आवाज बाथरूममध्ये सोडून तिथला घुमारा परत रेकॉर्ड केला होता, आणि ती रेकॉर्ड तुफान चालली होती, म्हणजे हार्मोनिका घुमवायची कशी हे ह्या स्टुडिओला आधीच माहीत होतं. सेशन मडीचं होतं. मडी आणि जिमी रॉजर्स गिटारवर, एल्गा एडमंड्स ड्रमवर, आणि बँड रोज कार्यक्रम उघडताना आणि संपवताना जी धून वाजवायचा ती त्या दिवशी वॉल्टरच्या नावावर रेकॉर्ड झाली. तेव्हा नाव होतं 'युवर कॅट विल प्ले'. चेसने ते बदलून 'ज्यूक' केलं आणि चेकर ह्या आपल्या नव्या लेबलवर काढली.

रेकॉर्ड वर चढत होती तेव्हा मडीचा बँड दक्षिणेत दौऱ्यावर होता. ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणाऱ्या मशीनवर, आपलीच धून परत परत वाजतेय हे बघून वॉल्टर दौरा अर्धा टाकून शिकागोला निघून आला. मडीला अडचणीत टाकलं हे खरंय, पण त्या पोराच्या जागी कोण थांबलं असतं. शिकागोत 'एसेस' नावाचा बँड होता, लुई आणि डेव्ह मायर्स हे भाऊ गिटारवर, फ्रेड बिलो ड्रमवर, आणि हार्पवर ज्युनियर वेल्स. वेल्स मडीकडे गेला, वॉल्टर एसेसकडे आला, सरळ अदलाबदल. ह्यात वॉल्टरला काय मिळालं तर बिलो. बिलो जॅझ वाजवून आलेला माणूस, त्याचा ठेका उडता, हलका, आणि वॉल्टरच्या डोक्यातल्या त्या सॅक्सला हवी तेवढी मोकळी जागा ठेवणारा. 'ऑफ द वॉल' ऐका, 'सॅड अवर्स' ऐका, 'ब्लूज विथ अ फीलिंग' ऐका. १९५२ ते १९५८ ह्या काळात त्याची १४ गाणी त्या चार्टच्या पहिल्या दहात आली, आणि त्या वर्षांत मडीसुद्धा त्याच्यापुढे जात नव्हता.

तरी एक गोष्ट मला फार आवडते. बँड सोडला पण स्टुडिओत तो मडीसाठी वाजवतच राहिला. १९५४ चं 'हूची कूची मॅन' घ्या, 'आय एम रेडी' घ्या, हार्प वॉल्टरचाच, 'आय एम रेडी'मध्ये तर त्याने क्रोमॅटिक हार्मोनिका घेतलीय, बाजूला बटन असलेली मोठी, जिचा आवाज ऑर्गनसारखा रुंद येतो. मडीच्या बँडमध्ये पुढे हार्पवर जेम्स कॉटन आला, रोज रात्री स्टेजवर तो, पण रेकॉर्डिंगच्या दिवशी चेस वॉल्टरला बोलवायचा. कॉटनसारखा तगडा वाजवणारा बाहेर बसायचा, ह्यावरून त्या आवाजाची किंमत कळते.

१९५५ चं 'माय बेब' त्याचं दुसरं एक नंबरचं गाणं, पाच आठवडे. विली डिक्सनने एका जुन्या चर्चच्या गाण्याच्या चालीवर लिहिलं, आणि डिक्सन सांगायचा की वॉल्टर हे गायला कितीतरी दिवस तयारच नव्हता. गिटारवर रॉबर्ट लॉकवुड, लुई मायर्सच्या जागी आलेला. वॉल्टरच्या गाण्याबद्दल लोक कमी बोलतात, पण आवाज साधा, थोडा कोरडा, कुठे उगीच ओढाताण नाही, आणि गाता गाता हार्प जिथे शिरतो तिथे वाटतं एकच माणूस दोन गळ्यांनी बोलतोय.

पण ते वर्ष बदलत्या वाऱ्याचंही होतं. चेसकडेच चक बेरी आणि बो डिडली आले आणि तरुण पोरं रॉक अँड रोलकडे वळली. वॉल्टरची दारू वाढली, मारामाऱ्या वाढल्या, सेशन कमी झाली. १९५८ च्या ऑगस्टमध्ये जुना ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी गेला आणि त्याच सुमारास वॉल्टरने ब्रून्झीचं 'की टू द हायवे' रेकॉर्ड केलं, स्लाइड गिटारवर मडी, पियानोवर ओटिस स्पॅन. चार्टवर पोचलेलं मोठं असं हे शेवटचंच. त्यानंतरही १९५९ मधली काही रेकॉर्डिंग्ज जबरदस्त आहेत, आवाज खरबरीत झालाय, हार्प जास्त रागावलेला, आणि मला तरी ती सुरुवातीच्या हिट गाण्यांइतकीच जवळची वाटतात. १९६० नंतरचं मात्र एखाददुसरं सोडलं तर ऐकताना त्रास होतो. १९६७ मध्ये मडी आणि बो डिडलीबरोबर केलेल्या एलपीवर तो दमलेला कळतो.

(१९६७ च्या युरोप दौऱ्याचं फिल्म फुटेज, मूळ आवाजासह)

युरोपात तो दोनदा गेला, १९६४ आणि १९६७ ला. त्याला वाजवताना दाखवणारं जे थोडंसं फिल्म फुटेज सापडलंय ते ह्या दुसऱ्या दौऱ्यातलं. परत आल्यावर काही महिन्यांतच, १५ फेब्रुवारी १९६८ ला, शिकागोत एका भांडणात मार लागल्यानंतर झोपेतच तो गेला. वय ३७. कबरीवर १९९१ पर्यंत दगडसुद्धा नव्हता, तो शेवटी चाहत्यांनी बसवला. २००८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं, आणि २००९ मध्ये त्याच्या चेस कंपनीतल्या १९५० ते १९६७ च्या रेकॉर्डिंग्जचा पाच सीडींचा संच निघाला, त्याला ग्रॅमी मिळालं.

ह्या संचात एकाच गाण्याचे वेगवेगळे टेकही आहेत, आणि हार्प शिकणाऱ्यांनी ते ऐकलेच पाहिजेत, कारण तोच माणूस, तोच दिवस, तरी सोलो पुन्हा तसाच येत नाही. नव्याने ऐकणार असाल तर 'ब्लूज विथ अ फीलिंग'ने सुरुवात करा, मग 'ब्लू लाइट', आणि हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर त्या अँपचा खालचा घोगरा आवाज येतच नाही.