पैसे बुडाले : पोलिस ठाणे की दिवाणी कोर्ट?

श्रोतेहो, नमस्कार.

उसने दिलेले पैसे बुडाले की माणूस आधी पोलिस ठाणं गाठतो. तिथे बहुतेकदा ऐकायला मिळतं, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी साफ चूक. ते ओळखता आलं पाहिजे.

दिवाणी दाव्यात तुम्ही वादी, समोरचा प्रतिवादी. मागायचे ते पैसे, ताबा, वाटणी किंवा मनाई हुकूम. पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्याचा खटला मात्र सरकार चालवतं. फिर्यादी तिथे मुख्यतः साक्षीदार असतो आणि निकालातून शिक्षा मिळते, वसुली होईलच असं नाही. पुराव्याचं मापही वेगळं. फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत ज्याची बाजू अधिक संभवनीय त्याच्या बाजूने निकाल लागतो.

मग उसने पैसे कुठे बसतात? पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता का, एवढं बघा. धंद्यासाठी पैसे घेतले, धंदा बुडाला, परत देता येत नाहीत, तर ते दिवाणी. खोटा सातबारा दाखवून पैसे घेतले, तर ती फसवणूक : भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), दखलपात्र गुन्हा, म्हणजे कोर्टाच्या आदेशाविना पोलिसांनी तपास करायचा. तेव्हा "दिवाणी आहे" म्हणून परत पाठवलं, तर तक्रार लेखी, पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा. तरीही काही झालं नाही, तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ठाण्यात दिलेल्या तक्रारीची आणि अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची पोचपावती जपा, त्या अर्जाला लागतात.

चेक वटला नसेल, तर पोलिसांकडे जायचं कारणच नाही. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्याला 15 दिवस. ते संपले की एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. हा शेवटचा उशीर सबळ कारण दाखवलं तर कोर्ट माफ करू शकतं; नोटिशीचा उशीर मात्र माफ होत नाही.

आणि आता सर्वांत महागात पडणारी चूक. ठाण्यात अर्ज दिलाय, तपास चालू आहे, म्हणून लोक दिवाणी दाव्याचा विषय बाजूला ठेवतात. पोलिसांत अर्ज दिल्याने दाव्याची मुदत थांबत नाही! उसन्या पैशांच्या दाव्याला 3 वर्षं मिळतात. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, "मागाल तेव्हा देतो" एवढंच बोलणं झालं असेल, तर ती 3 वर्षं पैसे दिल्या दिवसापासून धावतात, मागितल्या दिवसापासून नव्हे. वसुलीचा हक्क असा हातचा गेलेला बघून खरोखर वाईट वाटतं, कारण तो वाचवणं सोपं असतं.

मुदत संपण्याआधी पैसे घेणाऱ्याने देणं लेखी कबूल करून सही केली, तर त्या तारखेपासून नवी 3 वर्षं मिळतात. रक्कम आणि मूळ व्यवहाराची तारीख त्यात लिहून घ्या. मधेच थोडे पैसे परत दिले तरी मुदत वाढते, पण त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. हातात दिलेली नुसती रोकड इथे उपयोगी पडत नाही.