भावा, उतरायचं आणि उचलायचं, त्यात काय एवढं?

नमस्कार मंडळी! शीर्षक माझं नाही, तुमचं आहे. कारगिलच्या जखमींना हेलिकॉप्टरनं कसं आणलं, तो व्हिडिओ टाकल्यापासून हीच कमेंट सारखी येतेय. एकानं तर पुढं हसणारी तीन तोंडं लावलीत. म्हणून आज बसलोय.

बेसिक पटकन उरकतो. १९९९ ला कारगिलमध्ये जखमी जवान आणायला चीता हेलिकॉप्टर. एक इंजिन, छोटी केबिन. फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना, श्रीविद्या राजन यांनी तिथं हीच चालवली. झालं.

आता खरी गोम. हेलिकॉप्टर पळतंय तोवर नेम धरणाऱ्याला घाम फुटतो. पण एकदा टेकलं, की ते रंकाळ्यावर छर्‍याच्या बंदुकीनं फोडायला लावलेला फुगा! आणि जखमी आत येईपर्यंत पायलटनं तसंच बसायचं. तुम्ही लोक 'उतरायचं' म्हणता, 'उचलायचं' म्हणता. मधलं 'थांबायचं' कुणीच लिहीत नाही.

बरं, थांबायचं म्हणजे गाडी स्टँडला लावल्यासारखं नाही. वर हवा विरळ. पात्यांना पकड कमी, इंजिनाचा दमही कमी. म्हणून किलोकिलोचा हिशेब: इंधन बेताचं घ्यायचं, कधी एकच जखमी न्यायचा. सियाचीनमध्ये तर उंचावरच्या हेलिपॅडवर इंजिन बंदच करत नाहीत. थंडीत परत सुरू झालं नाही तर? पाती फिरतीच.

२०१९ च्या महापुरात आमच्या गच्चीवरनं एक हेलिकॉप्टर अगदी कमी उंचीवरनं गेलं. ताडपत्री गेली, टाकीचं झाकण गेलं, मी कठडा धरून खाली बसलो. आणि मंडळी, माझ्यावर कुणी गोळ्या झाडत नव्हतं.

अजून पटत नसेल तर अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धात चला. १४ नोव्हेंबर १९६५, इया द्रांगचं खोरं. जखमी न्यायचं काम ज्या पायलटांचं, त्यांनी एवढ्या गोळीबारात उतरायला नकार दिला. मेजर ब्रूस क्रँडल आणि कॅप्टन एड फ्रीमन हे खरं तर सैनिकांची ने-आण करणारे. बिनबंदुकीची हेलिकॉप्टर घेऊन गेले, दारूगोळा उतरवला, जखमी भरले. क्रँडल यांच्या त्या दिवशी २२ फेऱ्या, सत्तरएक जखमी बाहेर. म्हणजे गोळ्यांसमोर परत परत जाऊन थांबायचं! मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार, मिळालं फ्रीमनना २००१ ला, क्रँडलना २००७ ला. एवढा उशीर का, ते विचारू नका, माझा बीपी वाढतो.

आमचे चुलते, अण्णा, सियाचीनला होते. (शिरोळ तालुक्यातल्या फौजींच्या गावचे, सैनिक टाकळीचे नव्हेत, आम्ही कागलकडचे. शिरोळवाल्यांनी भांडू नये.) स्ट्रेचर घेऊन ते हेलिकॉप्टरकडं वाकून पळायचे, बर्फाच्या भुकटीत पुढचं दिसायचं नाही. एकदा त्यांनी पायलटकडं बघून अंगठा दाखवला, तर त्यानं मानही वळवली नाही. अण्णांना रागच आला. नंतर कळलं, सगळं पांढरं असलं की मशीन सरकतंय का नाही, हे कळायला जमिनीवरचा एक दगड नजरेत धरून ठेवावा लागतो. तो दगडाकडं बघत होता.