गुन्हेगारीशास्त्र शिकून कोकणात काय काम मिळतं?

(रत्नागिरीत विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते निवृत्त परिविक्षा अधिकारी, म्हणजे आरोपीच्या घरची, शाळेची परिस्थिती तपासून न्यायालयाला अहवाल देणारे.)

पालक मला पहिल्यांदा हेच विचारतात, ‘क्रिमिनॉलॉजी केली की मुलगा पोलिसात लागेल ना?’ नाही लागणार. शिपाई भरतीला बारावी पुरते. फौजदार व्हायचं तर एमपीएससीची परीक्षा द्यावी लागते आणि तिला कुठलीही पदवी चालते. मैदानावर धावताना तुमची पदवी कोणी विचारत नाही. वर्दीच हवी असेल तर अवश्य जा, पण त्यासाठी हा विषय घ्यायची गरज नाही.

दुसरी गल्लत प्रयोगशाळेची होते. गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स, हे वेगळे रस्ते आहेत. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत रक्त, विष, डीएनए तपासायचं असेल तर विज्ञानाची पदवी हवी. कला शाखेतून क्रिमिनॉलॉजी केलेल्याला तिथे वैज्ञानिकाची जागा मिळत नाही. मात्र ज्यांची बीएस्सी चालू आहे त्यांनी नीट ऐका. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं. म्हणजे मंडणगड असो की दोडामार्ग, तिथवर पोचणारी माणसं लागणार. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यातल्या फोंड्याला आहे. सावंतवाडीच्या मुलाला ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ.

आपल्या किनाऱ्याला तपासाचं काम नवं नाही. 1993 साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटकं उतरली. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली. व्हेलच्या उलटीची तस्करी, खवले मांजराच्या खवल्यांची तस्करी या बातम्या तुम्ही वाचताच. वन्यजीव गुन्ह्यांसाठी केंद्राचा स्वतंत्र ब्युरो आहे. बँका आणि विमा कंपन्यांना आर्थिक फसवणूक शोधणारी माणसं लागतात, पण त्यासाठी हिशेब समजला पाहिजे आणि बहुधा मुंबईला जावं लागतं. शिकवायची आवड असेल तर कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. हे सगळं भराभर सांगतोय, कारण मला ज्या कामाबद्दल बोलायचंय ते अटकेनंतर सुरू होतं. त्या कामाला आपल्या जिल्ह्यांत माणसंच मिळत नाहीत.

एका मुलाची गोष्ट सांगतो, त्याची ओळख लपवून. वय सोळा. बोटीवरचा वायरलेस सेट चोरला म्हणून बाल न्याय मंडळासमोर आला. पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तो परिविक्षा अधिकारी लिहितो. अशा अहवालात ‘घरची परिस्थिती हलाखीची, मुलाला वाईट संगत’ एवढं लिहून सही केलेली मी खूप पाहिली आहे. त्या वाक्यावरून मंडळातल्या दंडाधिकाऱ्यांनी काय ठरवायचं?

म्हणून घरी जायचं. वडील मोसमभर बोटीवर, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी आणि तेव्हा दारू. आई मासळी सुकवते. मुलगा नववीत शाळा सोडून पहाटे जेटीवर बर्फ फोडायला जायचा. मालकाने महिन्याची मजुरी बुडवली, म्हणून त्याच्याच बोटीवरचा सेट उचलला. हे त्याने पोलिसांना सांगितलं नव्हतं, कारण ‘का’ असं कोणी विचारलंच नव्हतं. शाळेत गेलो तर गणिताच्या बाई म्हणाल्या, पोरगा हुशार होता. शेजारच्या वाडीत आत्या राहत होती आणि ती त्याला ठेवून घ्यायला तयार होती. हे सगळं अहवालात आलं तेव्हा मंडळाने त्याला निरीक्षणगृहात न ठेवता आत्याकडे, देखरेखीखाली सोडलं आणि शाळेत परत घालायला सांगितलं. सातव्या इयत्तेची मार्कलिस्टसुद्धा मी जोडली होती. गुन्ह्यामागची कारणं तुम्ही पुस्तकात सिद्धांत म्हणून शिकता. इथे ती उंबऱ्यावर बसून, चहा घेत, एकेक प्रश्न विचारत काढावी लागतात.

आता मोठ्यांकडे येऊ. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत शंभरातले सुमारे शहात्तर जण कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. कोकणात याचा चेहरा कोण? पुष्कळदा बोटीवरचा नेपाळी खलाशी किंवा आंब्याच्या बागेतला राखणदार. मारामारीत नाव आलं, कोर्टाने जामीन मंजूरही केला, तरी तो आतच. कारण जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला हवा. या माणसासाठी इथला कोण शेतकरी आपला सातबारा पुढे करणार? बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, समुद्रात, मालक म्हणतो माझा काय संबंध.

सर्वोच्च न्यायालयाने हे दुखणं 1978 मध्येच ओळखलं होतं. मोतीराम नावाचा गवंडी होता, मध्य प्रदेशातला. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि एक हजाराच्या वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्याच लेखी हमीवर, त्याला सोडायला सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही ती अडचण आपल्या कोर्टांत रोज उभी राहते, याचा मला राग येतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे आणि आणखी काही अपवाद आहेत. अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचा. पण तारखा कोण मोजणार? गावी फोन कोण लावणार? वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्यासारखा हा माणूस आहे, हे कोर्टाला कागदावर कोण दाखवणार? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून हेच काम करतो आहे, तुरुंगात आणि सुटकेनंतरही. अलिबागच्या हिराकोटातल्या तुरुंगाला, इथल्या विशेष कारागृहाला अशा प्रशिक्षित माणसांची गरज आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आली आहे. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल परत केलेला, तर समाजसेवा. ती कुठे करायची, केली की नाही हे पाहणारी यंत्रणा अजून उभी राहायची आहे.

पीडितांच्या बाजूनेही तेवढंच काम आहे. सखी वन स्टॉप सेंटर, पोलिस ठाण्यांशी जोडलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्याचा पाठपुरावा. बलात्काराच्या केसमध्ये साक्षीच्या दिवशी त्या मुलीला राजापूरहून कोर्टात कोण आणतं, आरोपीचे नातेवाईक व्हरांड्यात बसलेले असताना तिच्या शेजारी कोण बसतं, यावर कधी कधी अख्खा खटला ठरतो.

मागच्या रांगेतून पगाराचं विचारलंय, बरं झालं विचारलंत. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच पदं कंत्राटी आहेत. मानधन बेताचं, नूतनीकरणाची टांगती तलवार. कामाला माणसं मिळत नाहीत ती यामुळेच आणि हे सरकारने बदललंच पाहिजे. पात्रतेतही अडकू नका. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, केस वर्कर या जाहिरातींत बहुधा समाजकार्य, मानसशास्त्र किंवा कायद्याची पदवी मागतात. नुसत्या बीए क्रिमिनॉलॉजीवर अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करा किंवा एलएलबी. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. विधी स्वयंसेवक, म्हणजे गरजूंना कायद्याच्या मदतीपर्यंत पोचवणारा माणूस, त्याच्या कामाला पदवीची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज द्यायचा, कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. लांब पडत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा.